लेटेकमधलं पुस्तक वर्डमध्ये न्यायचंय आणि दुरुस्त्या परत आणायच्यात. पॅनडॉकने कितपत जमेल?

कोरा कागद (प्रश्न)

नमस्कार मंडळी. संख्याशास्त्राचं एक पाठ्यपुस्तक मराठीत लिहून झालंय. सगळं लेटेकमध्ये (मजकुरात आज्ञा लिहून पान जुळवायची पद्धत) आहे आणि पीडीएफ झीलेटेकने काढते. मुख्य फाइल एक, प्रकरणं वेगवेगळ्या फोल्डरांत, ती इनपुट कमांडने आत ओढलेली. पीडीएफ मनासारखी येते, तिथे काही तक्रार नाही.

अडलंय पुढे. मजकूर ज्यांच्याकडे संपादनाला जाणार त्यांना वर्डचीच फाइल हवी, कारण ते ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल खुणेने दाखवणारी वर्डची सोय) लावून काम करतात. त्यांचंही बरोबर आहे, वाक्यावाक्यात हात घालायचा तर पीडीएफ काय कामाची.

म्हणून पॅनडॉक (एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात नेणारा प्रोग्रॅम) घेतलं. टर्मिनलशी माझी फार घसट नाही, पण इनपुट फाइल, डॅश ओ, आउटपुट फाइल एवढं कळलं. डॉकएक्स काही क्षणांत तयार. पहिली पानं बघून खूश झाले: शीर्षकं शीर्षकांसारखी, तळटिपा खऱ्याखुऱ्या वर्डच्या तळटिपा, समीकरणंसुद्धा क्लिक करून बदलता येतात. मग खाली सरकत गेले. उदाहरणांच्या चौकटी (टीसीकलरबॉक्सने केलेल्या) साध्या परिच्छेदांत विरघळून गेल्यात. टिक्झने काढलेले आलेख औषधालाही उरले नाहीत. संदर्भ उमटलेच नाहीत, शेवटची संदर्भसूचीही नाही. जिथे 'समीकरण ३.२ पाहा' असं यायला हवं तिथे चौकटी कंसात लेबलचं नाव छापलंय. आणि देवनागरी मजकुराला वर्डने स्वतःच्या मर्जीचा फॉन्ट लावलाय. स्टाइलमधून बदलला तर इंग्रजी शब्द बदलतात, मराठी ढिम्म हलत नाही.

यातलं काय दुरुस्त होण्यासारखं आहे आणि कशावर पाणी सोडायचं? आणि दुरुस्त्या झालेली फाइल परत आल्यावर तिचं पुन्हा लेटेक करायचं की कसं?

---

वेलबुट्टी

इतकी खटपट कशाला? पीडीएफ चांगली येतेय ना, मग पीडीएफचं वर्ड करून देणाऱ्या पुष्कळ साइट आहेत. अपलोड करा, डाउनलोड करा, झालं.

---

जुळारी

ते मात्र करू नका. पीडीएफमध्ये परिच्छेद असा नसतोच. पानावर अमुक जागी अमुक आकार उमटवा, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. देवनागरीत तर आणखी गोची. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षरानंतर साठवली जाते आणि छापताना आधी उमटते, जोडाक्षरांचे आकार फॉन्टच्या पोटातले असतात. मजकूर उलट काढायला गेलं की वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, रफार उडतो. असली फाइल संपादकाला दिली तर तो बिचारा वेलांट्याच लावत बसेल. पॅनडॉकही पीडीएफ तयार करून देतं, वाचायला घेत नाही.

आता तुमच्या यादीकडे. पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, प्रत्येकाच्या आधी दोन डॅश आहेत असं धरा.

पॅनडॉक लेटेकवरून थेट वर्डवर उडी मारत नाही. आधी फाइल वाचून तिचा सांगाडा बनवतं: हे पहिल्या पातळीचं शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, ही तळटीप. मग त्या सांगाड्यावरून वर्डची फाइल लिहितं. म्हणूनच त्याला इतके प्रकार वाचता-लिहिता येतात, प्रत्येक जोडीसाठी वेगळा दुभाषा लागत नाही. (बर्कलीला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली हॅस्केलमध्ये याची सुरुवात केली. 'ही गोष्ट मुळात आहे तरी काय' असं विचारायची सवय या अवजाराला कुठून लागली, याचं मला कधी कोडं पडलं नाही.) सांगाड्यात ज्याला जागा नाही ते वाटेत गळतं. चौकटीचा रंग, रेघेची जाडी, समास यांना तिथे जागा नाही. तुमच्या तळटिपा सुखरूप पोचल्या आणि चौकटी विरघळल्या, त्याचं कारण हे.

हा सांगाडा डोळ्यांनी पाहता येतो. एक छोटं प्रकरण घ्या आणि 'टू' या पर्यायाला 'नेटिव्ह' अशी किंमत द्या. पडद्यावर कंसांचं जंगल दिसेल, घाबरू नका. उदाहरणाच्या चौकटीपाशी या. तिथे 'डिव्ह' असा शब्द असेल आणि त्याच्या शेजारी अवतरणात तुमच्या चौकटीच्या एन्व्हायर्नमेंटचं नाव. म्हणजे चौकट मेलेली नाही, तिचं नाव शाबूत आहे. वर्डला त्या नावाचं काय करायचं ते कुणी सांगितलेलं नाही, इतकंच. त्याचा इलाज फिल्टरने होतो, ते अर्धविराम चांगलं सांगतील, त्यांचा हात त्यावर बसलाय.

टिक्झचं वेगळं आहे. टिक्झ म्हणजे चित्र काढायचा प्रोग्रॅमच, तो चालवायला अख्खं टेक (लेटेकच्या मुळाशी असलेला प्रोग्रॅम) लागतं आणि पॅनडॉक टेक चालवत नाही, नुसतं वाचतं. त्यामुळे ते अख्खं एन्व्हायर्नमेंट गाळून पुढे जातं. प्रत्येक आलेख स्वतंत्र फाइलीत काढा, डॉक्युमेंट क्लास 'स्टँडअलोन' ठेवा, तेवढ्याच आलेखाची पीडीएफ करा. पुस्तकात टिक्झच्या जागी इन्क्लूडग्राफिक्स घाला. वर्डला पीडीएफचं चित्र पचत नाही, म्हणून त्याच पीडीएफवरून पीडीएफटूकैरोने ३०० डीपीआयची पीएनजीही काढून शेजारी ठेवा. आता एक बारकी युक्ती: इन्क्लूडग्राफिक्समध्ये फाइलचं एक्स्टेंशन लिहूच नका. झीलेटेक आपली पीडीएफ उचलेल, आणि पॅनडॉकला 'डिफॉल्ट-इमेज-एक्स्टेंशन' पीएनजी सांगितलं की ते पीएनजी उचलेल. मूळ फाइल एकच राहते. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे, आणि एरवीही पुस्तकाचं कंपाइल होणं चांगलंच वेगाने होतं.

संदर्भ सगळ्यात सोपे. 'साइटप्रॉक' हा पर्याय द्यायचा राहिलाय, तो दिल्याशिवाय पॅनडॉक संदर्भांना हातच लावत नाही. सोबत 'बिब्लिओग्राफी' म्हणून तुमची बिब फाइल (संदर्भांची यादी) द्या. काही सांगितलं नाही तर संदर्भ शिकागो पद्धतीने, लेखक आणि वर्ष असे येतात. दुसरी पद्धत हवी असेल तर तिची सीएसएल फाइल 'सीएसएल' या पर्यायाला द्या. पॅनडॉक २.११ च्या आधीचं असेल तर हे चालणार नाही, तेव्हा हे काम वेगळ्या प्रोग्रॅमकडे होतं. त्यामुळे 'व्हर्जन' लावून आधी आवृत्ती बघा. लिनक्सच्या भांडारातून घेतलेलं पॅनडॉक पुष्कळदा जुनाट असतं.

समीकरणांच्या लेबलांना हात लावू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण ती तशीच राहणं सोयीचं आहे. संपादकाने वाक्य उचलून दुसरीकडे नेलं तर लेबलही सोबत जातं, आणि परत आल्यावर कोणतं समीकरण हा प्रश्न उरत नाही. क्रमांक बघायचे असतील तर पीडीएफ सोबत द्या. मी नेहमी जोडीच पाठवतो: वाचायला पीडीएफ, दुरुस्तीला वर्ड, आणि वर दोन ओळींची चिठ्ठी की वर्डमधल्या दिसण्याकडे लक्ष देऊ नका.

फॉन्टचं दुखणं पॅनडॉकचं नाही, वर्डचं आहे. वर्ड प्रत्येक स्टाइलमध्ये वेगवेगळे फॉन्ट सांभाळतं, लॅटिन लिपीसाठी वेगळा आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'साठी वेगळा. देवनागरी दुसऱ्या खात्यात मोडते. अक्षराचा आकारही वेगळा साठवलेला असतो. तुम्ही वरचा फॉन्ट बदलत होता, म्हणून इंग्रजी हललं आणि मराठी हललं नाही. फॉन्टच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा रकाना दिसत नसेल तर वर्डच्या भाषांमध्ये मराठी जोडा, मग दिसेल.

पण हा बदल तयार झालेल्या फाइलीत करू नका, पुढच्या वेळी पॅनडॉक चालवलं की गेला. 'प्रिंट-डिफॉल्ट-डेटा-फाइल' या पर्यायाने पॅनडॉककडून त्याची कोरी 'रेफरन्स डॉट डॉकएक्स' मागून घ्या, तिच्यातल्या स्टाइली बदला, सेव्ह करा आणि दर वेळी 'रेफरन्स-डॉक' म्हणून तीच द्या. तिच्यातला मजकूर पॅनडॉक बघत नाही, फक्त स्टाइली आणि पानाची मापं घेतं. एक लक्षात ठेवा: सगळा मजकूर 'नॉर्मल'मध्ये नसतो. शीर्षकाखालचा पहिला परिच्छेद 'फर्स्ट पॅराग्राफ'मध्ये जातो, बाकीचे 'बॉडी टेक्स्ट'मध्ये, घट्ट यादीतल्या ओळी 'कॉम्पॅक्ट'मध्ये. फक्त नॉर्मल बदलून थांबलात तर एखादी स्टाइल जुन्याच फॉन्टात राहिलेली सापडेल आणि डोक्याला ताप होईल.

---

अर्धविराम

जुळारींनी नाव घेतलंच आहे तर चौकटींचं सांगते.

पॅनडॉकला लुआ फिल्टर लावता येतात, म्हणजे सांगाडा वाचून झाल्यावर आणि वर्ड लिहायच्या आधी मध्ये हात घालता येतो. लुआ वेगळं बसवावं लागत नाही, पॅनडॉकच्या पोटातच असतं. तुमचा फिल्टर पाच-सहा ओळींत संपेल. 'डिव्ह' या नावाचं एक फंक्शन लिहायचं. पॅनडॉक प्रत्येक डिव्ह त्याच्याकडे आणून देईल. त्या डिव्हच्या क्लासेसमध्ये तुमच्या चौकटीचं नाव सापडलं तर त्याच्या अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये 'कस्टम-स्टाइल' ला 'उदाहरण चौकट' ही किंमत द्यायची आणि डिव्ह परत करायचा. बस.

मग जुळारी म्हणताहेत त्या रेफरन्स फाइलीत 'उदाहरण चौकट' नावाची परिच्छेदाची स्टाइल बनवा, तिला किनार द्या, हवा तर फिकट रंग भरा. स्टाइल बनवायची राहिली तरी पॅनडॉक अडत नाही, त्या नावाची साधी स्टाइल स्वतःच करून ठेवतं.

एक अट आहे. चौकट न्यूटीसीकलरबॉक्सने नाव देऊन केलेली असेल तरच नाव पोचतं. न्यूएन्व्हायर्नमेंटने केली असेल तर पॅनडॉक ती व्याख्या उलगडून टाकतं आणि आतलं जे असेल ते पुढे जातं, नाव हरवतं. तसं असेल तर व्याख्या वेगळ्या फाइलीत काढून पॅनडॉकपुरती ती फाइल वगळा.

---

कोरा कागद

दोघांचेही आभार! आज बसून बरंच उरकलं. नेटिव्हमध्ये माझ्या चौकटीचं नाव खरंच सापडलं आणि उगाचच हायसं वाटलं. फिल्टर चालला. संदर्भ आले, सूचीही आली. फॉन्टचं कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सवालं खातं मला जन्मात सापडलं नसतं.

आलेखांचं काम चालू आहे, हळूहळू होईल.

दोन शंका. एक, दुसऱ्या फोल्डरमधून चालवलं तर प्रकरणंच येत नाहीत, फक्त प्रस्तावना येते. दोन, परतीचं अजून कुणी बोललं नाही.

---

पानसुपारी

परतीचं मी सांगतो: पुढचं पुस्तक मार्कडाऊनमध्ये (साधा मजकूर, शीर्षकाला हॅश, ठळकला तारे अशा खुणा) लिहा. लेटेक, वर्ड, ई-पुस्तक, सगळं एकाच फाइलीतून काढता येतं. लेटेकवरून बाहेर पडणं म्हणजे नेहमी अशीच मारामारी.

---

जुळारी

पानसुपारी, कथा-लेखांसाठी शंभर टक्के मान्य. पण उभे-आडवे रकाने जोडलेली कोष्टकं, क्रमांक असलेली प्रमेयं, 'मागच्या प्रकरणातलं सूत्र पाहा' असली उलटसुलट बोटं दाखवणं, हे सगळं मार्कडाऊनमध्ये आणलं की मधेमधे लेटेकच लिहावं लागतं. मग ते ना धड हे ना धड ते. संख्याशास्त्राचं पुस्तक लेटेकमध्येच बरं आहे.

कोरा कागद, पहिली शंका: इनपुटचे पत्ते तुम्ही जिथे उभं राहून कमांड देता तिथून मोजले जातात. मुख्य फाइलीच्या फोल्डरमध्ये जा आणि तिथूनच चालवा. आणि 'व्हर्बोज' लावत जा. पॅनडॉकने काय काय गाळलं ते ओळीच्या क्रमांकासकट सांगतं. गळती शोधायला पानं चाळत बसण्यापेक्षा ती यादी वाचणं बरं.

आता परतीचं. वर्डवरून पुन्हा लेटेक बनवून ते मूळ फाइलीच्या जागी ठेवायचं नाही. पॅनडॉक लेटेक देईल, पण ते त्याचं लेटेक असेल. तुमचे मॅक्रो उलगडलेले, लेबलं गेलेली, चौकटींची व्याख्या गायब, संदर्भांच्या जागी छापील मजकूर. जाताना गळलेलं येताना परत येत नाही.

मी असं करतो. संपादकाला पाठवलेली डॉकएक्स जपून ठेवतो. त्यांच्याकडून आली की दोन्ही फाइली पॅनडॉकने मार्कडाऊनमध्ये आणतो, दोन्ही वेळा अगदी तेच पर्याय देऊन. आलेल्या फाइलीत ट्रॅक चेंजेस असले तरी 'ट्रॅक-चेंजेस' ला काही सांगितलं नाही तर पॅनडॉक सगळे बदल मान्य धरतं, आपल्याला तेच हवं असतं. मग दोन मार्कडाऊन फाइलींमधला फरक गिटच्या (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) वर्ड-डिफने बघतो. 'नो-इंडेक्स' लावलं की फाइली गिटच्या भांडारात नसल्या तरी चालतं. कुठला शब्द गेला, कुठला आला, तेवढंच लाल-हिरवं दिसतं, आणि ते बघून हाताने लेटेकमध्ये घालतो. हाताने म्हटल्यावर नाक मुरडू नका. प्रत्येक बदल नजरेखालून जातो, आणि संपादकाने सूत्राच्या शेजारचं वाक्य 'सोपं' करताना गणिताचा अर्थ फिरवला असेल तर तिथेच कळतं. संख्याशास्त्रात 'किमान' आणि 'किमान एक' यांत काय फरक पडतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

मार्कडाऊन करताना 'रॅप' ला 'नन' द्यायला विसरू नका. नाहीतर पॅनडॉक ओळी ७२ अक्षरांच्या आसपास मोडतं. परिच्छेदाच्या सुरुवातीला एक शब्द वाढला की खालच्या सगळ्या ओळी सरकतात, आणि ओळवार फरक पाहायला गेलात तर अख्खा परिच्छेद लाल. 'नन' दिलं की एक परिच्छेद ही एक ओळ, शांतपणे वाचता येतं.

संपादकाने समासात शेरे लिहिले असतील तर एवढ्याने ते दिसणार नाहीत. त्यासाठी तीच फाइल 'ट्रॅक-चेंजेस' ला 'ऑल' देऊन पुन्हा एकदा काढा. त्यात शेरे, घातलेलं, खोडलेलं सगळं, कोणी आणि कधी केलं त्यासकट येतं. वाचायला गचाळ असतं, पण शेरे शोधायला पुरतं.

---

अर्धविराम

यात एक भर. वर्डमध्ये काम करणारे काहीजण नवीन उपशीर्षक टाकताना नुसतं ठळक करून अक्षर मोठं करतात. स्क्रीनवर शीर्षक दिसतं, पॅनडॉकला तो ठळक अक्षरांतला परिच्छेद वाटतो. फरक बघताना ओळीच्या सुरुवातीला हॅश नाही आणि दोन्हीकडे दोन-दोन तारे आहेत असं दिसलं, तर तो बहुधा सेक्शन आहे असं समजून घाला.

आणि एवढे सगळे पर्याय दर वेळी टाइप करू नका. 'डिफॉल्ट्स' फाइल म्हणून एक यामल फाइल करता येते. इनपुट, फिल्टर, रेफरन्स फाइल, बिब, सगळं तिच्यात लिहून ठेवायचं आणि कमांडला फक्त तिचं नाव द्यायचं. वर्डसाठी एक, मार्कडाऊनसाठी एक.

---

कोरा कागद

यामल फाइल केली. आता कमांड इतकी छोटी झालीय की पाठ झाली.

वर्ड-डिफ एका प्रकरणावर करून पाहिलं, मीच मुद्दाम वर्डमध्ये दोन-चार शब्द बदलून. बरोबर तेवढेच दिसले. फक्त एका ठिकाणी काहीच बदललं नाही तरी लाल आलंय, दोन्हीकडचा शब्द डोळ्यांना सारखाच दिसतो. 'स्वातंत्र्य' हा शब्द आहे, स्वातंत्र्यमात्रांच्या प्रकरणातला.

---

जुळारी

अदृश्य अक्षर असणार. झिरो विड्थ जॉइनर किंवा नॉन-जॉइनर. काही कीबोर्ड जोडाक्षर टाइप करताना ते मध्ये घुसवतात. दिसत नाही, पण संगणकाला तो वेगळा शब्द आहे, शोधतानाही सापडत नाही. दोन्ही शब्द हेक्समध्ये (बाइटवार आकड्यांत) बघा, एकीकडे तीन बाइट जास्त निघतील. निघाले आणि तिथे त्याची गरज नसेल तर मूळ लेटेकमधूनच काढून टाका, अख्ख्या पुस्तकात शोधून. पण सरसकट सगळीकडचे उडवू नका. नॉन-जॉइनर कधीकधी मुद्दाम घातलेला असतो, पाय मोडलेलं अक्षर सुटं दाखवायला. एकेक बघून ठरवा.

---

कोरा कागद

तीन बाइट जास्त आहेत! लेटेकमध्ये नव्हते, मी वर्डमध्ये तो शब्द पुन्हा टाइप केला तेव्हा आले. म्हणजे संपादकांच्या कीबोर्डवरूनही येऊ शकतात.

---

जुळारी

येतीलच. दोन्ही मार्कडाऊन फाइलींमधून ते जॉइनर सेडने (शोधून बदलणाऱ्या कमांडने) काढा आणि मग फरक बघा. तुलनेपुरत्या त्या फाइली, तिथे सरसकट उडवले तरी बिघडत नाही.

---

कोरा कागद

जमलं. आता फक्त आलेख. ई-पुस्तकाचं विचारायला नंतर वेगळा धागा काढेन.

---

अर्धविराम

काढाल तेव्हा तीन गोष्टी आधीच करून ठेवा: मेटाडेटामध्ये 'लँग' ला 'एमआर', समीकरणांसाठी 'मॅथएमएल', आणि देवनागरी फॉन्ट 'एपब-एम्बेड-फॉन्ट'ने आत घातलेला. फॉन्ट नुसता आत घालून भागत नाही, सीएसएसमध्ये त्याचं फॉन्ट-फेसही लिहावं लागतं.